आख्खा मळा एका फोटोत

आश्विन लागला की मला लाज वाटायला लागते. लोकांना या दिवसांत सर्दी होते, अंग मोडून येतं, दुपारच्या उन्हानं डोकं चढतं. मला लाज वाटते. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना वारा बदललेला कळतो. समुद्राकडचा ओलसर चिकट वारा थांबलेला असतो आणि घाटाकडून हलका कोरडा वारा यायला लागलेला असतो. त्याला कापलेल्या भाताचा वास असतो. आता रत्नागिरी शहरात, तिसऱ्या मजल्यावर, कापलेल्या भाताचा वास कुठून येणार? यजमान म्हणतात, तुझ्या नाकात माहेर अडकलंय. असेल अडकलेलं. पण वास येतो एवढं खरं, आणि पाठोपाठ माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक फोटो आहे. चांगला हातभर उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद. खाली वहाळाचं पाणी चमकतंय, तिथून भाताची शेतं पायरीपायरीनं वर चढत गेलीत, काही उभी पिवळी, काही कापून आडवी घातलेली. वरच्या टोकाला एक जुनं ऐनाचं झाड, त्याच्यामागे डोंगर, आणि डोंगरावर असा काही काळाभोर ढग की बघणारा क्षणभर गप्पच होतो. मग बोलायला लागतो. "अय्या, किती सुंदर! हे केरळ का हो?" नाही हो, केरळ कुठलं, देवरूखच्या पुढे, माझं माहेर. "काय सांगता! आणि किती शांत! एक माणूस नाही कुठे!" इथवर आलं की मला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं आणि मी स्वयंपाकघरात जाते. कितीदा तरी रिकाम्या गॅसकडे बघत उभी राहिले आहे.

फोटो माझ्या मुलीनं, केतकीनं काढलेला. आणि त्या फोटोची सगळी कथा सुरू झाली ती एका काचेपासून.

त्या वर्षी केतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. कॅमेरा तिच्या बाबांनी आणून दिलेला. ते बोटीवर असतात, सहा-आठ महिन्यांनी येतात, आणि नसण्याची भरपाई म्हणून मुलीला मागेल ते आणतात. कॅमेऱ्याबरोबर एक लेन्स आली होती. ती चांगलीच होती म्हणे, पण लँडस्केपला उपयोगाची नाही.

"लँडस्केप म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"डोंगर, समुद्र, शेतं. निसर्ग गं आई. त्याला वाइड अँगल लागते."

मग तिनं मला चहाच्या टेबलावर शिकवणी दिली. लेन्सवर आकडा असतो. आकडा जेवढा लहान तेवढं जास्त दिसतं. पन्नासच्या लेन्समधून खिडकी दिसते, चोवीसच्यातून भिंत, चौदाच्यातून आख्खी खोली.

"आणि त्याहून लहान घेतली तर?"

"मग तुझे स्वतःचे पायसुद्धा फोटोत येतात."

माझे पाय फोटोत यावेत अशी माझी काही इच्छा नव्हती, पण मी मान डोलावली. त्या भाद्रपदात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी मोदकाची उकड मळतेय आणि ही शेजारी उभी राहून सांगतेय, एकाच आकड्याची घ्यावी की पुढेमागे होणारी घ्यावी. रात्री मोबाइलवर कोण कोण गोरे लोक बर्फात उभे राहून तिला लेन्सा समजावून सांगायचे. मुलीसाठी स्थळं बघावीत तसं चाललेलं. ही जड आहे, हिच्या कडा वाकतात, हिला समोरून ऊन चालत नाही, हिची काच पुढून अशी फुगीर की तिच्यावर दुसरी काच बसवता येत नाही. एकही पसंत पडेना. मी म्हटलं, जळ्ळं मेलं ते लक्षण, यापेक्षा बांगडा घेणं सोपं, कल्ले उघडून बघितले की झालं.

शेवटी गावात लग्नाचे फोटो काढणारे एक भाऊ आहेत, त्यांच्याकडून तिनं दोन लेन्सा वापरून बघायला आणल्या. एक चौदाची, एक चोवीसची. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. चौदाच्या लेन्सनं समुद्राची एक निळी रेघ करून टाकली, दीपगृहाची काडी केली आणि सुरूचं बन गवतासारखं दिसायला लागलं. अर्धा फोटो नुसती वाळू, आणि त्या वाळूत माझ्या चपला.

"अगं बाई, समुद्र कुठे गेला?"

"हिच्यात लांबचं आणखी लांब पळतं," केतकी म्हणाली. "समोर अगदी जवळ काहीतरी लागतं. मगच फोटो भरतो."

तिला हे कळलं होतं. म्हणजे तेव्हाच कळलं होतं. म्हणून पुढे जे झालं ते न कळून झालं, असं मला नंतर म्हणता येईना.

चौदा की चोवीस, हा निकाल मात्र लागला तो माझ्या बाबांच्या फोनमुळे.

माहेरच्या घराखाली जो मळा आहे, तो बाबांचा जीव. वरच्या वरकस, नाचणी-वरीच्या जमिनी त्यांनी केव्हाच सोडल्या, पण मळा नाही. वहाळाचं पाणी दिवाळीपर्यंत वाहतं, त्यामुळे तिथे गरवं भात करायचं, म्हणजे सगळ्यांची शेतं कापून झाल्यावर उशिरा तयार होणारं. लहानपणी आम्ही शाळेतून आलो की दप्तर पडवीत टाकून तिथे पळायचो. पाखरं हाकायला पाठवलेलं असायचं, पण आम्ही वहाळात खेकडे शोधायचो आणि पाखरं निवांत जेवायची. बाबा वरून ओरडायचे, "पोटभर खाऊ द्या हां त्यांना, पावनी आलीत ती!" त्यांना ओरडणंसुद्धा कधी धड जमलं नाही.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ दिनेश म्हणाला, यंदाचं शेवटचं. पुढच्या वर्षी मळा करायचा नाही. रानडुकरं रात्रीत वाट लावतात, माकडं दिवसा. कापणीला माणूस मिळत नाही. तो टेम्पो चालवतो, त्याची कंबर गेलेली, आणि त्याची बायको सुवर्णा एकटी किती करणार? त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही नाही. बाबा त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोन केला. पावसाचं बोलले, गाईचं बोलले, आणि मग म्हणाले, "केतकीच्या कॅमेऱ्यात मोठा फोटो निघतो काय गो?"

"निघतो की."

"मंग मळ्याचा एक काढून ठेवूया. वहाळापासून वर ऐनापर्यंत. आख्खा. तुकडा नको."

तुकडा नको म्हटल्यावर चोवीसची लेन्स बाद झाली. भाऊंची चौदाचीच बरोबर घेतली.

कोजागिरी होऊन गेली होती. आम्ही एसटीनं देवरूखला उतरलो आणि तिथून रिक्षा केली. केतकीच्या पाठीवर बॅग, माझ्या हातात तिचं तीन पायांचं स्टँड. कापणीच्या दिवसांत माहेरी जाताना हातात विळा असावा असं नाही, पण ते स्टँड घेऊन गावातून चालताना मला उगाच कुणीतरी चोरून बघत असल्यासारखं वाटत होतं. ओट्यावरच्या बायका "कधी आलीस?" विचारायच्या आणि नजर त्या स्टँडवर ठेवायच्या.

मळ्यात पोचल्यावर केतकीनं खालच्या बांधावर स्टँड उभं केलं, तीन पाय फाकवले, वर कॅमेरा बसवला आणि एक डोळा मिटून बघायला लागली. झालं! पलीकडच्या शेतातून गणूकाका धावत आले. गणूकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, मळ्याला लागून त्यांची शेतं. अर्ध्या चड्डीत, हातात विळा, धापा टाकत सामाईक बांधावर येऊन दोन्ही पाय रोवून उभे राहिले.

"मोजणी कोनी मागवली? मला नोटीस नाय!"

"गणू, अरे मोजणी कसली?" बाबा म्हणाले. "नात हाय माझी. फोटो काढतेय."

"फोटो कशाला? कुठल्या कागदाला लावायला?"

"असाच. भिंतीवर लावायला."

शेताचा फोटो भिंतीवर लावतात हे गणूकाकांना पटेना. आमच्याकडे तीन पायांचं यंत्र बांधावर उभं राहिलं की त्याचा एकच अर्थ असतो, आणि तो कोर्टात जाऊन संपतो. शेवटी ते एवढंच म्हणाले, "काढा. पन बांध हाय तितंच दिसूं दे," आणि पाय न हलवता तिथेच उभे राहिले. सुवर्णा पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले. त्या दिवशीचं माझं शेवटचं हसणं ते.

कारण मग मला बाबांची टोपी दिसली. कापणीला बाबा डोक्याला पंचा गुंडाळतात, कायमचेच. त्या दिवशी पांढरी स्वच्छ टोपी होती, धुऊन, घडीची रेघ तशीच असलेली. चिखलात भाताचे भारे उचलायचे आणि डोक्यावर ही टोपी! सुवर्णानं अंगात दिनेशचा जुना शर्ट चढवला होता, साडीवर घालतात तसा. आम्ही आल्याबरोबर तिनं तो काढून बांधावर ठेवला, वहाळावर जाऊन तोंड धुतलं, केस नीट बांधले. मजुरीला आलेल्या दोघी बायकांनी पण पदर सारखे केले. फोटोला आपण असणार हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायचं काय त्यात? मळ्याचा फोटो म्हटला की मळ्यातली माणसं आलीच.

केतकी कॅमेऱ्यातून बघत होती. मग मान वर न करता म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा बाजूला होता का?"

"व्हय, व्हय," म्हणत बाबा चार पावलं सरकले.

"अजून थोडं."

बाबा बांधावर चढले.

"अजून, आजोबा. तुम्ही दिसताय."

त्या लेन्सला सगळंच दिसत होतं ना! हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. साध्या फोटोत माणूस दोन हात सरकला की सुटतो. इथे डावीकडे गेले तरी दिसायचे, उजवीकडे गेले तरी दिसायचे. बाबा एकेक बांध चढत वर चालले होते आणि प्रत्येक बांधावर थांबून वळून विचारत होते, "झालो काय बाजूला?" केतकी हातानंच खूण करायची, अजून वर. सुवर्णाला म्हणाली, "मामी, तुम्ही पण. आणि त्या दोघींना पण सांगा ना, प्लीज. आणि ते निळं प्लास्टिक उचलता येईल? रंग फार येतोय." ते निळं प्लास्टिक कापलेल्या भातावर घालायला आणलेलं होतं, ढग दिसत होता म्हणून.

सुवर्णानं प्लास्टिकची घडी घातली. "वन्सं, कुठवर जाऊ?" तिनं मला विचारलं. मला! जशी काही मी त्या शेताची मुकादम. मी म्हटलं, "चल, मी पण येते," आणि सगळ्यांबरोबर वर चढले. गणूकाकांनासुद्धा बाबांनी हाताला धरून आणलं, बांध कुठे जात नाही असं सांगत. आम्ही सगळे ऐनाच्या मागे जाऊन बसलो. विळे हातात, तोंडं धुतलेली.

उजेड हवा तसा नव्हता. केतकी वाट बघत होती. आम्हीही वाट बघत होतो. झाडामागे दाटीवाटीनं बसलेलो, लपाछपी खेळावी तसं. बाबांची म्हातारी पाठ माझ्या खांद्याला टेकलेली होती. त्यांच्या अंगाला त्या दिवशी साबणाचा वास होता. त्यांनी मान जरासुद्धा बाहेर काढली नाही, न जाणो दिसेन. सुवर्णानं शर्ट पुन्हा अंगात घातला. एक बाई हळूच म्हणाली, "आमचा नाय काय काढायचा?" तेव्हा बाबाच म्हणाले, "मळ्याचा काढायचा हाय गो. आपला कशाला?" आणि ते इतक्या मनापासून म्हणाले की मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मी उठून ओरडायला हवं होतं, केतकी, पुरे कर हे. पण मुलगी एवढी मन लावून बघत होती. आणि मला वाटलं तिला कळत असेल, ती शिकलीय, फोटोत असंच असतं. माझ्या शिकलेल्या मुलीपुढे माझं तोंड उघडेना आणि माझ्या बापाकडे बघवेना. लाज अशी दोन्हीकडून एकदम आली.

मग ढगाच्या खालून ऊन आलं. आश्विनातलं ते तिरपं ऊन तुम्ही बघितलं असेल, वर काळं आणि खाली सगळं पेटल्यासारखं पिवळं. कॅमेऱ्याचे पटापट आवाज झाले. "मिळाला! आजोबा, मिळाला!" केतकी नाचत होती. आणि तेवढ्यात पाऊस आला.

परतीचा पाऊस पडतो म्हणजे ओततोच. आम्ही धावलो. प्लास्टिकची घडी उलगडेपर्यंत अर्धं कापलेलं भात भिजलं होतं. केतकी कॅमेरा पोटाशी धरून घराकडे पळाली आणि तो ठेवून परत आली, भारे उचलायला लागली, रडायला लागली. बाबा तिला म्हणत होते, "अगो, रडतीस काय? थोडं भिजलं. वाळंल." टोपी पिळून त्यांनी खिशात घातली.

पुरतं काही वाळलं नाही. पाठोपाठ दोन दिवस पाऊस राहिला. दिवाळीनंतर दरवर्षीप्रमाणे माहेराहून तांदळाची गोणी आली. सुवास असलेला, चांगला तांदूळ. मी बरणीत भरला, भात केला, खाल्ला. पौषात एका लग्नासाठी माहेरी गेले तेव्हा सुवर्णानं ताट वाढलं आणि मी पहिला घास घेतला. भाताला कुबट वास होता. मी सुवर्णाकडे बघितलं, ती आमटी वाढायला वळली. भिजलेलं त्यांनी स्वतःला ठेवलं होतं आणि सुकं आम्हाला पाठवलं होतं. मी तो भात सगळा खाल्ला, वर मागून घेतला. लाजेनं माणूस जेवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

फोटोची एक प्रत बाबांना मोठी करून दिली होती. ती त्यांनी पडवीत लावली. फोटो फार आवडला त्यांना. मला भीती वाटत होती, आवडणार नाही याची. आवडल्यावर जास्तच वाईट वाटलं. कुणी आलं की बाबा उठून फोटोकडे जायचे, सगळा मळा बोटानं दाखवायचे, हे खालचं मोठं शेत, हे दोन तुकडे एकत्र केले ते, हा गणूचा बांध. आणि मग ऐनावर बोट ठेवून म्हणायचे, "आनि ह्या झाडामागं आमी हाव." अगदी आनंदानं. पाहुणे जवळ जाऊन बघायचे. "कुठं? दिसत नाय." "दिसायचं कसं? मागं हाव ना." सहा माणसं त्या बुंध्यामागे कशी मावली याचंच त्यांना कौतुक. मी तिथे असले की अंगणात जाऊन गाईला चारा घालायचे.

मी खूपदा विचार करते, मला नक्की लाज कशाची वाटते? केतकीची म्हणावी तर ती पोर तेव्हा विशीची, एवढंच शिकली होती की निसर्गात माणूस आला की फोटो बिघडतो. ते तिला कुणी शिकवलं? मोबाइलवरच्या त्या बर्फातल्या लोकांनी? त्यांच्याकडे बर्फात कुणी भात लावत नसेल. आमच्याकडे निसर्ग म्हणून जे काही दिसतं ते कुणीतरी वाकून केलेलं असतं. तो मळा म्हणजे डोंगर नव्हे. प्रत्येक बांध बाबांनी पावसाळ्यात दोनदा चिखलानं लिंपलेला असायचा. हे मला पोटातून माहीत होतं. आणि तरी मी झाडामागे जाऊन बसले, जणू आम्हीच कुठून तरी फिरायला आलो होतो आणि उगाच मध्ये आलो होतो. माझ्या लाजेला असं एक टोक नाही. ती सगळ्या बाजूंनी येते.

केतकीनं त्यानंतर लेन्सचा विषय काढणं बंद केलं. भाऊंच्या दोन्ही लेन्सा परत गेल्या. मला वाटलं, पोरीचा शौक उतरला. यंदा नोकरी लागल्यावर मात्र गणपतीत पुन्हा तिच्या मोबाइलवर लेन्सा दिसायला लागल्या. मी विचारलं, "चौदाची घेतेस का?"

"नाही. चोवीसची."

"का गं? तेवढं सगळं मावत नाही ना तिच्यात?"

"चौदात माणूस मुंगीएवढा होतो, आई. चोवीसमध्ये माणूस माणसाएवढा राहतो आणि मागचं पण बरंच येतं." मग उकडीचा गोळा हातात फिरवत म्हणाली, "मला आजोबांना मळ्यात उभं करून फोटो काढायचाय."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, चला, आता हे कानाच्या पाळ्या तापणं थांबेल. पोरीनं मनात ठेवलं होतं. बोलली नाही, पण ठेवलं होतं. लेन्स आली तेव्हा मी तिला हळदकुंकू लावलं, खरंच लावलं, केतकी ओरडत होती काचेला लावू नको म्हणून.

गेल्या आठवड्यात गेलो. दिनेश टेम्पो घेऊन साखरप्याला गेला होता. सुवर्णानं चहा केला. बाबा पडवीत बसले होते, आता थोडे वाकलेत, पण नजर चांगली आहे. केतकी त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, "आजोबा, मळ्यात चला. तुमचा फोटो काढायचा."

"माझा? आनि मळ्यात कशाला? हितंच काढ."

"नाही, मळ्यातच. मागच्या वेळी राहिलाय."

तिनं हे म्हटलं तसं बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काठी घेतली आणि निघाले. मी मागून चालत होते आणि ओरडून सगळ्या गावाला सांगावंसं वाटत होतं, बघा, माझी मुलगी आजोबांचा फोटो काढतेय.

मळा ओळखू येईना. पेरलं नाही की इथे जमीन वाट बघत बसत नाही. गवत कमरेच्या वर. रानमोडीचं तण बांधावरून उतरून शेतात आलेलं. कुर्डूचे पांढरे तुरे वर आलेले, आणि खालच्या मोठ्या शेतात तर कसलीशी काटेरी झुडपं. वहाळ वाहत होता, पण त्याचा आवाज यायचा, पाणी दिसायचं नाही. बांध होते, पण पायानं चाचपडून सापडायचे. पलीकडे गणूकाकांचं भात पिवळं उभं होतं आणि त्यांच्याकडे कापणी चालू होती. त्यांची सून, दोन माणसं, मध्येच कुणाचं तरी हसू.

केतकी सरळ गवतात घुसली. हातानं गवत बाजूला करत, पायानं दाबत तिनं माणूस उभा राहील एवढी जागा केली. "आजोबा, इथे या. इथून ऐन पण येतोय मागे."

बाबा बांधावरच थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या दाबलेल्या गवताकडे बघत राहिले.

"साप-किरडू नाहीये," केतकी म्हणाली. "मी उभी आहे ना. या."

बाबांनी गणूकाकांच्या शेताकडे एकदा बघितलं. तिथल्या माणसांनी हात वर करून त्यांना हाक मारली होती. त्यांनी हात वर केला नाही. मला वाटलं पाय घसरेल म्हणून थांबलेत, म्हणून मी पुढे होऊन त्यांच्या दंडाला धरलं. तेव्हा ते हळूच, केतकीला ऐकू जाणार नाही असं, मला म्हणाले,

"तिला सांग गो. पड टाकलेल्या शेतात उभा करू नको मला. मानसं बघतील तो फोटो. मला लाज वाटते."

माझा हात त्यांच्या दंडावर तसाच राहिला. अहो बाबा, तुम्हाला? तुम्हाला कशाची लाज? तुम्ही काय केलंत? या सगळ्यात लाज वाटायला नको होती अशी एकच व्यक्ती होती, आणि आता त्या व्यक्तीनं ते तोंडानं म्हटलं होतं. मला ते त्यांच्याकडून काढून घेता येईना. माझं होतं ते. माझ्याकडेच राहायला हवं होतं.

केतकी गवतात उभी होती, कॅमेरा डोळ्याजवळ धरून. "काय म्हणाले आजोबा?" तिनं विचारलं. बाबांनी तोपर्यंत पाठ फिरवली होती आणि ते घराच्या वाटेला लागले होते.